वडीलधाऱ्यांनी वाहन चालविणे केव्हा थांबवावे?

मोटार वाहन अधिनियम, १९८८ यात २०१९ साली झालेल्या दुरुस्तीनुसार ५५ वर्षांवरील इसमाच्या परवान्याचे नूतनीकरण एका वेळी ५ वर्षांपुरतेच होते, व त्यासाठी नमुना १-अ मधील वैद्यकीय दाखला जोडावा लागतो. परंतु वाहन कायमचे सोडण्याचे वय कायद्याने ठरविलेले नसल्यामुळे, मधल्या काळात आईवडिलांच्या क्षमतेवर लक्ष ठेवण्याची जबाबदारी कुटुंबावरच येते.

या कामी वयाच्या आकड्यापेक्षा लक्षणे अधिक भरवशाची. फाटकातून गाडी काढताना एकाच बाजूस पुनःपुन्हा उमटणारे ओरखडे, नित्याच्या रस्त्यावर चुकणारे वळण, मागे पाहताना न वळणारी मान, अशी चिन्हे दिसू लागताच तपासणीस विलंब करू नये. मात्र प्रत्येक दोष असाध्य नसतो: मोतीबिंदूमुळे समोरच्या दिव्यांनी डोळे दिपत असतील तर शस्त्रक्रियेनंतर दृष्टी बहुधा सुधारते, उलट काचबिंदूमुळे दृष्टिक्षेत्राच्या कडा एकदा गेल्या की त्या परत येत नाहीत, आणि पुष्कळदा रुग्णास त्याची जाणीवही नसते.

निर्णय चारचौघांत फर्मानासारखा सुनावू नये. प्रथम रात्रीचे व महामार्गावरचे वाहन चालविणे थांबवावे, आणि किल्ली मागण्यापूर्वी बाजार, बँक, देऊळ व स्नेह्यांची घरे येथे जाण्या-येण्याची तजवीज करावी. परंतु ब्रेक व ॲक्सिलरेटर यांत गल्लत झाली, किंवा परिचित वस्तीत रस्ता हरवला, तर मात्र त्याच दिवशी गाडी थांबवून डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.