मेयोतली जागती रात्र

'परदेशात शेजारी गेला तरी भिंतीपलीकडे पत्ता लागत नाही,' हे मला नाशिकहून फोनवर कायम ऐकवलं जातं. आयर्लंडच्या पश्चिमेला, या मेयो परगण्यात तरी ते साफ चूक आहे. इथे स्थानिक रेडिओवर निधनवार्ता वाचतात आणि त्या वेळी घराघरांत रेडिओचा आवाज वाढतो.

शेजारच्या आजी गेल्या तेव्हा त्यांची शवपेटी त्यांच्याच बैठकीच्या खोलीत उघडी ठेवली होती. बोटांत जपमाळ. मृताला एकटं सोडायचं नाही म्हणून रात्रभर कोणी ना कोणी जवळ बसलेलं. अख्खं गाव रांगेने येत होतं. घरच्यांचा हात हातात घ्यायचा, आजींच्या कपाळाला स्पर्श करायचा, मग स्वयंपाकघरात चहा-सँडविच घेत आजींच्या आठवणी काढत बसायचं. पणतवंडं पेटीपाशीच घुटमळत होती, त्यांना कोणी हटकलं नाही. रात्री रोझरीची प्रार्थना सुरू झाली तसे सगळे गुडघ्यांवर आले.

मला आपलाच राग आला. माझे वडील दुपारी गेले, दिवेलागणीच्या आत त्यांना अमरधामला नेलंही. 'उशीर नको, उशीर नको' एवढंच कानावर पडत होतं. आई आणि मी दारातून मागे फिरलो, बायका स्मशानात जात नाहीत म्हणून. दादाच्या मुलाला तर सकाळीच शेजारी पाठवलं होतं. आपल्याकडची हवा उष्ण, घाई करावी लागते, हे मान्य. पण नातवाला आजोबांचा चेहरा बघू दिला नाही, त्याला हवा कारण नव्हती.

इथल्या कॅथलिक श्रद्धेचं म्हणाल तर शेवटच्या दिवशी देह पुन्हा उठणार, म्हणून दफन. 1963 मध्ये रोमने दहनाला मोकळीक दिली. 2016 मध्ये बजावलं की रक्षा विखरायची नाही, घरातही ठेवायची नाही. आयरिश प्रजासत्ताकातलं पहिलं दहनगृह 1982 साली डब्लिनच्या ग्लासनेविन दफनभूमीत उभं राहिलं. शुद्धिस्थानातल्या आत्म्याला जिवंतांच्या प्रार्थनेची मदत होते, म्हणून महिन्याने चर्चमध्ये पुन्हा मिस्सा. वसईच्या कॅथलिकांना हे मी काय सांगणार!

'रक्षा नदीत सोडलीत, मग वडिलांना भेटायला जाता कुठे?' आजींच्या लेकीने विचारलं. मी तिला तिथी, पान, कावळा सगळं सांगितलं. तिचं समाधान झालं नाही. नोव्हेंबरात घरातल्या मृतांची नावं लिहून पाकीट चर्चच्या वेदीवर ठेवतात. आपल्या पाकिटात तिने माझ्या वडिलांचंही नाव घातलं. फोनवर सांगितलं तर दादा भडकला. मी म्हटलं, नाव तिथे राहील. आणि घरात पुन्हा अशी वेळ आली तर पोरांना शेजारी पाठवायचं नाही, आणि मी स्मशानात येणार.