पहिल्या पानाचा पाठलाग

१९९५ साली अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्यात, ब्रेकेनरिज या स्कीइंगच्या गावी, डेव्हिड क्लाउस यांना आपला फ्लॅट सुट्टीवर येणाऱ्यांना भाड्याने द्यायचा होता. त्यासाठी त्यांनी 'व्हीआरबीओ' नावाची वेबसाइट काढली. मालकाने घर टाकावं, पाहुण्याने थेट मालकाशी बोलावं, मध्ये कोणी नाही. प्रत्येक घराला एक नंबर असे आणि त्या नंबरावरच ते ओळखलं जाई. यादी इतकी छोटी होती की वर-खाली असण्याला फारसा अर्थ नव्हता.

इकडे १९९७ साली सिंधुदुर्ग पर्यटन जिल्हा जाहीर झाला, १९९८ च्या जानेवारीत कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर धावू लागली, आणि किनाऱ्याकडे जाणाऱ्या रस्त्यांवर 'घरगुती राहण्या-जेवणाची उत्तम सोय' असं रंगवलेल्या पत्र्याच्या पाट्या वाढल्या. पाटी कुठल्या वळणावर ठोकायची, एसटी स्टँडवरच्या रिक्षावाल्याला दर गिऱ्हाइकामागे किती द्यायचे, यावर सीझन ठरायचा. घर वाडीत आत असेल तर पाटीवरचा बाण मोठा काढायचा. पुढच्या पंचवीस-तीस वर्षांत मोठमोठ्या कंपन्यांनी जे केलं, त्याची सगळी बीजं या व्यवहारात होती असं मला वाटतं. मोक्याची जागा, मध्यस्थाचं कमिशन, आणि येऊन गेलेल्याने दुसऱ्याला सांगणं. या तिन्हींचं वजन तेवढं कमीजास्त होत राहिलं.

आधी पैशाचं पारडं जड होतं. ऑस्टिनच्या होमअवे कंपनीने २००६ साली व्हीआरबीओ विकत घेतलं आणि पुढे मालकांसाठी वर्गणीच्या पायऱ्या केल्या: ब्राँझ, सिल्व्हर, गोल्ड, प्लॅटिनम. जास्त वर्गणी भरणारा वर, कमी भरणारा खाली. क्रूर असला तरी हिशेब उघडा होता. आपण सातव्या पानावर का आहोत हे मालकाला ठाऊक असे. २०१५ मध्ये एक्स्पीडियाने होमअवे घेतली, २०१६ मध्ये या पायऱ्या मोडल्या आणि त्यांच्या जागी पाहुण्याला काय जुळेल ते गणिताने ठरवणारी क्रमवारी आली. वर्षानुवर्षं प्लॅटिनमचे पैसे मोजणारे मालक खवळले. पैसे देऊन मिळवलेली जागा आता कशाने मिळवायची, हे कोणी नीट सांगेना.

एअरबीएनबीची वाट वेगळी होती. २००८ साली सुरू झालेली ही कंपनी २००९ मध्ये अडकून पडली होती. आठवड्याची कमाई दोनशे डॉलरच्या आसपास. संस्थापक ब्रायन चेस्की आणि जो गेबिया यांनी न्यूयॉर्कमधली चाळीसेक घरं समोर घेऊन पाहिली तेव्हा सगळ्यांत एकच खोट निघाली: फोटो भिकार होते. मोबाइलवर काढलेले, अंधारे, कोपऱ्यातले. दोघे भाड्याचा कॅमेरा घेऊन दारोदार गेले, फोटो काढून आले, आणि कमाई दुप्पट झाली. पुढच्या वर्षी कंपनीने छायाचित्रकार पाठवायची योजनाच सुरू केली. 'पहिला फोटो उजेडातला, आडवा आणि खोलीचा हवा' हा सल्ला तेव्हापासून चालत आला आहे. या धंद्यातले बहुतेक सल्ले दोन वर्षांत शिळे होतात, हा टिकला. कारण फोटोचा पहिला परिणाम गणितावर होत नाही, अंगठ्यावर होतो. अंगठा थांबला तरच पुढचं सगळं.

क्रमवारीचं गणित सुरुवातीला बाळबोध होतं. शोधलेल्या ठिकाणाच्या मध्यापासून ठरावीक अंतरातली चांगली घरं वर, असा हिशेब. कशाला किती गुण द्यायचे ते माणसांनी बसून ठरवलेलं. त्या काळात 'रोज कॅलेंडर उघडून बंद करा', 'भाडं एक रुपयाने हलवा', 'शीर्षकात बीच, पूल, लक्झरी सगळं कोंबा' अशा युक्त्यांचं पीक आलं. काही काळ काहींना त्यांचा फायदा झालाही असेल. हाताने बनवलेल्या कुलपाला हाताने बनवलेली किल्ली लागते.

मग यजमानाच्या वागण्याचं वजन वाढलं. विचारणा करून 'जमणार नाही' ऐकलेला पाहुणा दुसऱ्या साइटवर जातो, हे कंपन्यांच्या लक्षात आलं होतं. उत्तर किती लवकर देता, किती विनंत्या नाकारता, किती बुकिंगं ऐनवेळी रद्द करता, हे मोजलं जाऊ लागलं. नकारामागे आणखी एक काळी बाजू होती. आफ्रिकन-अमेरिकन वाटणारी नावं असलेल्या पाहुण्यांना यजमान कमी स्वीकारतात, असं हार्वर्डच्या संशोधकांनी दाखवून दिलं. २०१६ मध्ये एअरबीएनबीने न विचारता लगेच पक्कं होणारं बुकिंग वाढवायचा विडा उचलला तो या टीकेनंतर. यजमानाने घरात कोणाला घ्यायचं हे ठरवण्याचा अधिकार आणि यादीत वर दिसणं यांची सांगड तेव्हा घातली गेली.

या सगळ्या प्रवासातला मला सर्वांत रंजक वाटणारा टप्पा २०१८ ते २०२० चा. एअरबीएनबीच्या अभियंत्यांनी आपल्या शोधयंत्रावर निबंध प्रसिद्ध केले आणि त्यांत फसलेले प्रयोगही मोकळेपणाने लिहिले. एक प्रयोग असा: प्रत्येक घर यंत्राला त्याच्या नंबरावरून स्वतंत्रपणे 'पाठ' करायला लावायचं. ते फसलं, कारण चित्रपट लाखो लोक बघू शकतात, पण घर वर्षाला जास्तीत जास्त ३६५ वेळा बुक होतं. एका घराबद्दल यंत्राला पुरेसं कळतच नाही. आंजर्ल्यातलं घर तर शनिवार-रविवार, मे महिना आणि दिवाळी एवढंच भरतं. म्हणजे यंत्र तुमच्या घराला ओळखत नसतं. तुमच्यासारख्या घरांवरून तुमच्याबद्दल अंदाज बांधतं.

दुसरा प्रयोग यजमानांनी भिंतीवर लावून ठेवावा असा. पाहुणे एखाद्या घराच्या पानावर जास्त वेळ रेंगाळले तर ते घर त्यांना आवडलं, असं धरून चालायचं ठरलं. रेंगाळणं वाढलं, बुकिंग वाढेना. लोक महागड्या बंगल्यांकडे हावरटासारखे बघत बसायचे, विचित्र घरांची गंमत बघायचे, किंवा लांबलचक वर्णनात काय लिहिलंय ते शोधत अडकायचे. तरीही आमच्याकडचे होमस्टेवाले आजतागायत वर्णनात गावाचा इतिहास, देवळाची कथा आणि सूर्यास्तावर दोन परिच्छेद लिहितात. गरम पाण्याचा गीझर आहे की बंब, हे सोळाव्या ओळीत.

भाड्याबद्दलही त्यांनी हात पोळून घेतले. लोक दाखवलेल्या घरांपैकी सहसा स्वस्ताकडे झुकतात, म्हणून यंत्राला 'स्वस्त तेवढं चांगलं' असं सक्तीने शिकवलं, तर बुकिंग घटलं. नुसता दर पाडून वर येता येत नाही याचा यापेक्षा चांगला पुरावा मला माहीत नाही.

२०२० चा जुलै या इतिहासात दोन कारणांनी लक्षात ठेवायचा. युरोपीय महासंघाचा नियम १२ जुलैपासून लागू झाला: क्रमवारी कोणत्या मुख्य निकषांवर लावता ते साइटने व्यावसायिकांना सांगितलं पाहिजे, आणि पैसे देऊन वर जाता येत असेल तर तेही. त्याच महिन्यात भारताचे ई-कॉमर्सविषयक ग्राहक संरक्षण नियम आले. त्यांतही क्रमवारीचे निकष सोप्या भाषेत जाहीर करायचं बंधन आहे. झालं काय, तर पानं प्रसिद्ध झाली. दर्जा, लोकप्रियता, किंमत, ठिकाण. हे तर पाटी ठोकणाऱ्यालाही ठाऊक होतं. बुकिंग डॉट कॉमवर पैशाचा रस्ता मात्र उघड आहे: जास्त कमिशन मान्य करणाऱ्या 'प्रिफर्ड' भागीदारांना जास्त ठळक जागा. होमअवेच्या पायऱ्या गेल्या म्हणून पायऱ्याच गेल्या असं नव्हे.

वर-खाली असण्यापेक्षा वाईट म्हणजे नसणं. ऑक्टोबर २०२२ मध्ये भारतीय स्पर्धा आयोगाने मेकमायट्रिप-गोआयबिबोला २२३.४८ कोटी आणि ओयोला १६८.८८ कोटी रुपयांचा दंड केला. त्या प्रकरणातला एक मुद्दा होता फॅबहॉटेल्स आणि ट्रीबो या ओयोच्या स्पर्धकांची हॉटेलं मेकमायट्रिपच्या यादीतून काढली जाण्याचा. साखळी हॉटेलांची ही गत, तर चार खोल्यांच्या होमस्टेने काय बोलावं!

कोविडच्या साथीच्या काळात गाडीने चार-पाच तासांत पोचता येईल अशा घरांना अचानक भाव आला. पुण्या-मुंबईकरांनी कोकण नव्याने शोधलं. पण ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धन-दिवेआगर पट्ट्यावर येऊन आदळलं होतं. माड-पोफळींच्या वाड्या आडव्या झाल्या. ज्या घराच्या जुन्या फोटोत दाट सावलीची वाडी आणि प्रत्यक्षात बुंधे, त्याच्या वाट्याला 'फोटोसारखं नाही' हा शेरा येणारच, आणि तो शेरा वर्षानुवर्षं तिथेच राहतो.

शेऱ्यांचा जाच गेल्या काही वर्षांत वाढला आहे. एअरबीएनबीवर चांगल्या यजमानाला मिळणाऱ्या सुपरहोस्टच्या बिल्ल्याला सरासरी ४.८ तारे लागतात. नोव्हेंबर २०२३ मध्ये 'गेस्ट फेवरेट' आलं, जगभरातली सुमारे २० लाख घरं त्यात निवडली गेली आणि त्यांची सरासरी ४.९ च्या वर होती. आपल्या माणसाला हे तारे कळत नाहीत. मोदक खाऊन, आग्रहाची कोकमकढी पिऊन, निघताना यजमानिणीला 'वहिनी, मजा आली' म्हणणारा पाहुणा घरी जाऊन चार तारे देतो, कारण शाळेत पाचपैकी चार म्हणजे चांगलेच गुण असत. त्याच्या हिशेबी कौतुक, यंत्राच्या हिशेबी बट्टा. हे समजावून सांगायचं कसं, हा कोकणातल्या यजमानांचा आजचा खराखुरा प्रश्न आहे, आणि त्याला सभ्य उत्तर अजून सापडलेलं नाही.

२०२२ च्या अखेरीस एअरबीएनबीवर पाहुण्याला सफाईसकट एकूण रक्कम बघायची सोय मिळाली. एप्रिल २०२५ पासून कर वगळता एकूण रक्कम जगभर सगळ्यांनाच दिसू लागली. रोजचं भाडं कमी दाखवून सफाईच्या नावाखाली वसूल करायची चलाखी तिथे संपली. बरं झालं.

पण 'आमचं घर दिसत नाही' अशी तक्रार करणाऱ्या बहुतेक घरांचा क्रमवारीशी संबंधच आलेला नसतो, असं माझं निरीक्षण आहे. ती आधीच्याच गाळणीत अडकलेली असतात. समजा मुरुड-हर्णैजवळचं दोन खोल्यांचं घर. डोंबिवलीचं कुटुंब शोधतंय: शनिवारची एक रात्र, मोठी चार, मुलं दोन, एसी हवा, गाडी लावायला जागा हवी. घरमालकाने कधीतरी 'किमान दोन रात्री' असं टाकून ठेवलंय. एका रात्रीच्या शोधात घर आलंच नाही. माणसं चार लिहिलीत, गाद्या टाकल्या की आठ झोपतात हे यंत्राला कोण सांगणार? अंगणात तीन गाड्या मावतात, पण 'पार्किंग' या चौकोनात खूण नाही, कारण अंगण असल्यावर ते काय लिहायचं! नकाशावरची टाचणी ग्रामपंचायतीजवळ पडली आहे, घर समुद्रापासून पाच मिनिटांवर. पुढच्या दिवाळीच्या तारखा अजून उघडलेल्याच नाहीत, कारण भावाची मंडळी येतील की नाही ते ठरायचंय. असं घर शेवटच्या पानावरही नसतं.

आणि मालक स्वतःच्या फोनवर, स्वतःच्या खात्यातून, दिवसातून चारदा आपलं घर कितवं येतं ते बघतो. क्रमवारी प्रत्येक शोधणाऱ्यागणिक बदलते. एअरबीएनबी २०१८ पासून तरी त्या-त्या बैठकीत पाहुण्याने काय-काय बघितलं त्यावरून पुढची यादी हलवते. दुसऱ्याच्या फोनवरून, लॉगिन न करता, खऱ्या तारखा आणि खरी माणसं टाकून शोधलं तर निदान आपण गाळणीतून खाली पडतोय का ते कळतं.

दरम्यान जुनी पाटी गूगल मॅप्सवर गेली. तिथली क्रमवारी शोधाशी जुळणी, अंतर आणि प्रसिद्धी यांवर ठरते असं गूगलच सांगतं. अंतर आपल्या हाती नाही, म्हणून लोक नावात भर घालतात: अमुक होमस्टे, बेस्ट सी-फेसिंग फॅमिली होमस्टे इन दापोली. पाटीवर असेल तेवढंच नाव लिहा, असा गूगलचा नियम आहे; तक्रार झाली की नाव छाटलं जातं, कधी नोंदच बंद होते. ज्यांचा फोन नंबर तिथे चालू आहे आणि जे उचलतात, त्यांना मात्र हे साधन आयतं मिळालं आहे, कमिशनशिवाय.

यातली खरी पंचाईत जुन्या यजमानांची. ज्या घरात तीस वर्षं तीच कुटुंबं येतात, आधी आई-वडील, आता मुलं आपल्या मुलांना घेऊन, ती माणसं शोधतच नाहीत. एप्रिलमध्ये थेट फोन: 'काका, आठ ते अकरा ठेवा.' अ‍ॅपवर त्याची नोंद नाही, तारे नाहीत. शेजारी गेल्या वर्षी बांधलेल्या व्हिलाचे साठ शेरे, आणि या घराचे तीन. यंत्राच्या लेखी घर नवं, अननुभवी. अ‍ॅपवर याला उपाय नाही, कारण बुकिंग तिथून झालेलं नसेल तर शेरा लिहिता येत नाही. गूगलवर येतो. सवलत देऊन शेरे मिळवायला तिथे बंदी आहे, साधं मागायला नाही. पण तीस वर्षं ज्यांना जेवू घातलं त्यांच्याकडे तारे मागायचे, हे काकांना काही केल्या पटत नाही. ते काम आता त्यांची सून करते, निघताना व्हॉट्सअ‍ॅपवर लिंक पाठवून.