वारा आणि यारी

आकाश निरभ्र असतानाही क्रेनचे, म्हणजे आपल्या जुन्या यारीचे, काम तहकूब ठेवावे लागते, याचे सामान्य माणसास नवल वाटते. परंतु वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा दाब चौपट होतो, आणि दोराला लटकलेला पातळ, रुंद पत्रा अशा वेळी शिडासारखा फुगून, खालच्या मजुराने दोन्ही हातांनी आवळून धरलेल्या दोरीलाही न जुमानता गर्रकन फिरतो, हे ज्याने एकदा जवळून पाहिले त्याला त्या तहकुबीचे कारण निराळे सांगावे लागत नाही.

तुफानांच्या वाटेवर वसलेल्या जपानने हा विषय कायद्याच्या चौकटीत बसविला, हे मला फार मोलाचे वाटते. तेथील १९७२च्या क्रेन-सुरक्षा नियमावलीच्या अंमलबजावणीत दहा मिनिटांचा सरासरी वेग सेकंदाला १० मीटर किंवा अधिक असेल, तर तो जोराचा वारा समजतात, आणि त्यापासून धोका संभवत असल्यास काम थांबविण्याची जबाबदारी मालकावर असते. क्षणिक झोत ३० मीटरांपलीकडे जाण्याचा संभव दिसताच उघड्यावरची, रुळांवर चालणारी यारी जखडून ठेवण्याची तजवीज करावी लागते. कारण ब्रेक लावलेले अवजड धूडही वारा रुळांवरून ढकलीत नेतो. असे वादळ ओसरल्यावर, किंवा मध्यम भूकंपानंतरही, प्रत्येक भागाची तपासणी झाल्याखेरीज काम सुरू करता येत नाही.

ही सारी खबरदारी अनाठायी नाही: ४ सप्टेंबर २०१८ रोजी ‘जेबी’ तुफानात ओसाकाजवळील कान्साई विमानतळावर सेकंदाला ५८.१ मीटरांचा झोत नोंदला गेला.