रक्तदाबाची गोळी : गैरसमज आणि वस्तुस्थिती

मनुष्यदेहातील बहुतेक व्याधी आपल्या आगमनाची वर्दी काही ना काही वेदनेने देतात. दाढ किडली तर ती ठणकते, पोट बिघडले तर मुरडा येतो, आणि माणूस निमूटपणे दवाखान्याची वाट धरतो. उच्च रक्तदाबाची रीत मात्र याहून सर्वस्वी निराळी आहे. तो वर्षानुवर्षे रक्तवाहिन्यांच्या भिंतींवर, हृदयाच्या स्नायूंवर, मूत्रपिंडांतील सूक्ष्म केशवाहिन्यांवर आणि डोळ्यांच्या पडद्यांवर आपला अंमल चालवीत राहतो, आणि ज्याच्या देहात हे सारे घडत असते त्याला त्याची गंधवार्ताही नसते. परिणामी, ज्या रोगाची जाणीव नाही त्यावरील औषध दररोज, न चुकता आणि बहुधा जन्मभर घ्यावयाचे, असा विलक्षण प्रसंग रोग्यावर येतो. आणि या प्रसंगातूनच रक्तदाबाच्या गोळीसंबंधी नाना चुकीच्या समजुती घरोघर रूढ झाल्या आहेत. त्यांच्या मुळाशी पाहू गेल्यास एकच प्रमाद आढळतो : जी गोष्ट केवळ मोजून कळते तिचा निवाडा अंगाला काय वाटते यावरून करण्याचा आग्रह. या समजुतींपैकी ज्या जिवावर बेतू शकतात त्यांची येथे क्रमाने छाननी करावयाची आहे.

गैरसमज १ : डोके दुखत नाही, चक्कर येत नाही, तेव्हा गोळीची गरज नाही.

वस्तुस्थिती : अमेरिकेचे अध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांची मार्च १९४४ मध्ये तपासणी झाली तेव्हा त्यांचा रक्तदाब १८६/१०८ भरला, तरीही त्यानंतर वर्षभर ते महायुद्धाचा कारभार पाहत होते, दूरदेशीच्या परिषदांना जात होते आणि त्याच अवधीत चौथ्यांदा अध्यक्षपदी निवडूनही आले. त्या काळी वैद्यकाच्या हाती कमी मीठ, विश्रांती आणि गुंगी आणणारी औषधे यांपलीकडे फारसा इलाज नव्हता. १२ एप्रिल १९४५ रोजी, वयाच्या ६३ व्या वर्षी, मेंदूत रक्तस्राव होऊन त्यांचे देहावसान झाले, आणि त्या दुपारी नोंदलेला दाब ३००/१९० होता.

त्यानंतर अवघ्या चार वर्षांनी, १९४९ साली, मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. रुस्तम जाल वकील यांनी सर्पगंधेच्या मुळीने रक्तदाब उतरतो, हे ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’ या नियतकालिकात साधार मांडले. १९५२ साली स्विस संशोधकांनी त्या मुळीतून रेसर्पिन हे द्रव्य वेगळे काढले. आणि पुढे अमेरिकेतील माजी सैनिकांच्या रुग्णालयांत, ज्यांचा खालचा दाब ११५ ते १२९ होता अशा १४३ पुरुषांपैकी निम्म्यांना रेसर्पिनसह तीन औषधे आणि उरलेल्यांना औषधविरहित गोळ्या देऊन जी पाहणी झाली, तिचा निष्कर्ष १९६७ साली प्रसिद्ध झाला. औषध न मिळालेल्यांपैकी २७ जणांवर गंभीर आपत्ती ओढवली, औषध घेणाऱ्यांपैकी केवळ दोघांवर. अंगाला काही होत नाही म्हणून गोळी नाकारणाऱ्याने हे दोन आकडे शेजारी ठेवून पाहावेत. गोळी घेतली जाते ती आजच्या डोकेदुखीसाठी नव्हे. पुढे येऊ घातलेला पक्षाघात, हृदयविकार आणि मूत्रपिंडांची हानी टाळण्यासाठी ती घ्यावयाची असते.

गैरसमज २ : ‘वय अधिक शंभर’ इतका दाब वृद्धांना चालतो.

वस्तुस्थिती : सत्तरीच्या माणसाला १७० दाब स्वाभाविक, हा ठोकताळा अनेक सुशिक्षित घरांतही अद्याप ऐकू येतो. वय वाढते तसा वरचा दाब वाढतो, हे निरीक्षण खरे. परंतु जे सर्रास आढळते ते निर्धोक असते, असा त्याचा अर्थ नव्हे. साठ वर्षांवरील ४,७३६ स्त्रीपुरुषांवर झालेल्या आणि १९९१ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकन चाचणीत, केवळ वरचाच दाब वाढलेल्या वृद्धांना औषध दिल्याने पक्षाघाताचे प्रमाण ३६ टक्क्यांनी उतरले. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या, ऐंशी वर्षांवरील वृद्धांच्या चाचणीतही औषधाने मृत्यूचे प्रमाण २१ टक्क्यांनी घटले. मात्र वृद्धांच्या बाबतीत एक खबरदारी आवश्यक असते : औषधाची सुरुवात अल्प मात्रेने करावी, आणि बसल्या स्थितीतील दाबाबरोबर उभे राहिल्यानंतरचा दाबही तपासून घ्यावा, कारण बिछान्यातून एकदम उठताना दाब घसरून तोल जाणे आणि खुब्याचे हाड मोडणे, ही आपत्तीही काही लहान नव्हे. अशा माणसाने उठताना क्षणभर बिछान्याच्या कडेला बसून मग उभे राहावे, आणि घेरी येत असल्यास ते डॉक्टरांना आवर्जून सांगावे.

गैरसमज ३ : दाब नॉर्मल आला, आता गोळी बंद करावी, नाही तर तिची सवय लागेल.

वस्तुस्थिती : सर्व गैरसमजांत अधिक घात करणारा गैरसमज हाच होय. दाब नॉर्मल आला तो गोळीमुळे आला. गोळी थांबविल्यास तो पूर्वपदावर जाणार, आणि तोही तत्काळ नव्हे, त्यामुळे फसगत अधिकच होते. आपल्याकडे सर्रास लिहून दिली जाणारी ॲम्लोडिपिन ही गोळी घ्या. तिचा निम्मा अंश शरीरातून जाण्यास सुमारे ३० ते ५० तास लागतात. म्हणून ती सुरू केल्यावर पूर्ण गुण दिसावयास आठवडाभर लागतो, आणि सोडल्यावरही दोन-तीन दिवस दाब जवळपास ठीकच राहतो. तेवढ्यावरून ‘पाहा, गोळीवाचून काही अडले नाही’ असा निर्वाळा देणारा इसम पुढच्या पंधरवड्यात दाब मोजावयास जात नाही, आणि घात तेथे होतो.

काही औषधांच्या बाबतीत तर अचानक थांबणे हेच संकट ठरते. ॲटेनोलॉल, मेटोप्रोलॉल या वर्गाची गोळी एकाएकी सोडल्यास नाडी वेगाने चालू लागते आणि ज्यांना हृदयविकार आहे त्यांना छातीत कळ येऊ शकते. क्लोनिडिन बंद केल्यास दाब पूर्वीहूनही वर उसळतो. अशा गोळ्या उतरत्या मात्रेने आणि डॉक्टरांच्या देखरेखीखालीच बंद करावयाच्या असतात. राहता राहिला सवयीचा प्रश्न. ज्याला व्यसन म्हणतात तसे या औषधांचे काही होत नाही. रोग दीर्घकाळचा म्हणून इलाजही दीर्घकाळचा, इतकाच त्याचा खुलासा आहे. वजन उतरले, मीठ कमी झाले, चालणे वाढले, तर मात्रा कमी होते आणि क्वचित गोळी सुटतेही. पण तो निर्णय मोजलेल्या दाबाच्या नोंदींवरून डॉक्टरांनी घ्यावयाचा असतो.

एखादे दिवशी गोळी घ्यावयाची राहिली तर आठवण होताच घ्यावी. दुसऱ्या दिवसाची वेळ जवळ आली असेल तर राहिलेली सोडून द्यावी. दोन गोळ्या एकदम घेऊन हिशेब पुरा करण्याचा प्रयत्न कदापि करू नये. वारीला, लग्नाला किंवा परगावी मुलांकडे जाताना मुक्कामाच्या दिवसांहून चार गोळ्या अधिक जवळ बाळगाव्यात. एकादशीच्या उपवासातही पाण्याबरोबर गोळी घेता येते; मात्र निर्जळी उपवास करणाऱ्याने, आणि विशेषतः लघवी वाढविणारी गोळी चालू असणाऱ्याने, आधी डॉक्टरांना विचारावे. जुलाब-उलट्यांनी अंगातील पाणी कमी झाले असतानाही त्याच दिवशी सल्ला घ्यावा, कारण अशा वेळी काही गोळ्या तूर्त थांबवाव्या लागतात.

गैरसमज ४ : या गोळ्यांनी मूत्रपिंडे निकामी होतात.

वस्तुस्थिती : मूत्रपिंडांची नासाडी करतो तो अनियंत्रित रक्तदाब. उलट रामिप्रिल, एनालाप्रिल, टेल्मिसार्टन, लोसार्टन या वर्गांची औषधे, विशेषतः मधुमेह असून लघवीतून प्रथिने जात असणाऱ्यांत, मूत्रपिंडांचे रक्षण करतात. ती सुरू केल्यावर रक्तातील क्रिएटिनिन किंचित वाढू शकते आणि पोटॅशियमही वर जाऊ शकते. म्हणून सुरुवातीस आणि मात्रा वाढविल्यानंतर काही आठवड्यांत रक्त तपासावयाचे असते. ही तपासणी चुकविणे हाच खरा धोका होय. गर्भवती स्त्रीला आणि गर्भधारणेचा बेत करणाऱ्या स्त्रीला मात्र या वर्गांची औषधे वर्ज्य आहेत, कारण गर्भाला त्यांपासून गंभीर अपाय होतो. त्यांच्यासाठी लॅबेटॅलॉल, मेथिलडोपा यांसारखी निराळी औषधे आहेत.

गैरसमज ५ : त्रास झाला की एक तर सोसावा, नाही तर गोळी फेकून द्यावी.

वस्तुस्थिती : या दोहोंच्या मध्ये एक सरळ मार्ग आहे, तो म्हणजे डॉक्टरांना सांगणे. ॲम्लोडिपिनने काही जणांचे घोटे सुजतात. रामिप्रिल-एनालाप्रिलने काही जणांना कोरडा, घशात खवखवणारा खोकला लागतो आणि घरात महिनोन्महिने कफाची औषधे चालू राहतात, वास्तविक टेल्मिसार्टनसारखी गोळी बदलून घेतल्यास तो खोकला बहुधा थांबतो. लघवी वाढविणाऱ्या गोळीने सोडियम किंवा पोटॅशियम उतरून गळाठा येतो, तो रक्त तपासून ओळखता येतो. गुणकारी औषधांचे वर्ग अनेक असल्यामुळे एक मानवले नाही तर दुसरे देता येते. मात्र ओठ, जीभ किंवा चेहरा एकाएकी सुजल्यास वाट न पाहता तडक रुग्णालय गाठावे.

गैरसमज ६ : बीपीच्या गोळ्या सगळ्या सारख्याच, शेजाऱ्यांची मानवली, आपणही घ्यावी.

वस्तुस्थिती : दम्याच्या रोग्याला ॲटेनोलॉलसारख्या गोळीने श्वास कोंडू शकतो, मधुमेह्यात तीच गोळी साखर उतरल्याची सूचना देणारी छातीची धडधड लपवू शकते. एकाला तारक ते दुसऱ्याला मारक ठरते, ते या कारणाने. म्हणूनच ही औषधे नोंदणीकृत डॉक्टरांच्या चिठ्ठीवाचून विकू नयेत, अशी ताकीद त्यांच्या वेष्टनावर कायद्यानेच छापलेली असते.

गोळ्यांची पट्टी एकदा उलटून चष्मा लावून वाचावी. मोठ्या अक्षरांत कंपनीने दिलेले नाव असते. त्याखाली बारीक अक्षरांत खरे औषध आणि त्याची मात्रा मिलिग्रॅममध्ये दिलेली असते. एका डॉक्टरांनी दिलेल्या पट्टीवर ‘ॲम्लोडिपिन ५’, आणि दुसऱ्यांनी दिलेल्या, अगदी निराळ्या नावाच्या पट्टीवर ‘टेल्मिसार्टन ४० व ॲम्लोडिपिन ५’ असे लिहिलेले असते, आणि दोन्ही पट्ट्या एकाच डबीत नांदत असतात. रोगी दोन निरनिराळी औषधे घेत आहोत अशा समजुतीने एकाच औषधाची दुप्पट मात्रा घेत राहतो. म्हणून दर भेटीस, घरात चालू असलेल्या यच्चयावत पट्ट्या पिशवीत घालून डॉक्टरांपुढे मांडाव्यात. जनऔषधी केंद्रातील स्वस्त गोळी घेण्यास हरकत नाही. फक्त बारीक अक्षरांतील नाव आणि मात्रा चिठ्ठीशी ताडून पाहावी.

गैरसमज ७ : इतर गोळ्या, काढे आणि सैंधव यांचा रक्तदाबाशी संबंध नाही.

वस्तुस्थिती : गुडघेदुखीवर परस्पर आणलेल्या डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन यांसारख्या गोळ्या दाब वाढवितात, रक्तदाबाच्या औषधाचा गुण कमी करतात, आणि रामिप्रिल किंवा टेल्मिसार्टन व लघवीची गोळी यांच्या जोडीने घेतल्यास मूत्रपिंडांवर अकस्मात आघात करू शकतात. सर्दीच्या गोळ्यांतील फिनाइलएफ्रिननेही दाब चढतो. घशासाठी चघळले जाणारे ज्येष्ठमध फार दिवस आणि फार प्रमाणात घेतल्यास शरीरात मीठ-पाणी साठून राहते, पोटॅशियम उतरते आणि दाब वाढतो. सर्पगंधेचे चूर्णही डॉक्टरांना न सांगता चालू गोळीबरोबर घेऊ नये, कारण तिच्यातील रेसर्पिन मन खिन्न करू शकते आणि दाब अवाजवी उतरवू शकते.

सैंधव मीठही अखेर मीठच. त्यातही प्रामुख्याने सोडियम क्लोराइडच असते. दिवसाला ५ ग्रॅमहून कमी, म्हणजे सपाट चमचाभरही पुरते नव्हे, एवढेच मीठ घ्यावे असे जागतिक आरोग्य संघटनेचे सांगणे आहे, आणि त्यात लोणचे, पापड, फरसाण व सुकी मासळी यांतील मीठही मोजावयाचे असते. ‘कमी सोडियमचे’ म्हणून मिळणाऱ्या मिठात पोटॅशियम असते. टेल्मिसार्टन, रामिप्रिल किंवा स्पायरोनोलॅक्टोन घेणाऱ्याने आणि मूत्रपिंडविकार असणाऱ्याने ते विचारल्यावाचून घेऊ नये.

गैरसमज ८ : दवाखान्यातला एक आकडा म्हणजे आपला रक्तदाब.

वस्तुस्थिती : जिने चढून, चहा घेऊन, डॉक्टरांशी बोलत बोलत मोजलेला दाब हा खरा दाब नव्हे. मोजण्यापूर्वी अर्धा तास चहा, कॉफी व तंबाखू वर्ज्य करावी. मूत्राशय रिकामे करावे. खुर्चीला पाठ टेकून, पाय जमिनीवर सपाट ठेवून, मांडीवर मांडी न घालता पाच मिनिटे स्वस्थ बसावे. बाही आवळून वर न सरकवता दंड उघडा करावा, हात हृदयाच्या पातळीवर टेबलावर टेकवावा आणि मौन पाळावे. मिनिटभराच्या अंतराने दोन वेळा मोजून दोन्ही आकडे, तारीख व वेळ यांसह वहीत उतरवावेत. दवाखान्यात १४०/९० आणि घरी १३५/८५ ही सर्वसाधारण सीमा मानतात. प्रत्येकाने कोठवर उतरावयाचे ते त्याच्या प्रकृतीनुरूप डॉक्टर ठरवितात. गोळी सकाळी घ्यावी की रात्री, याविषयीही पुष्कळ वाद चालतो. ब्रिटनमधील २१ हजारांहून अधिक रोग्यांवरील, २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत हृदयविकार व पक्षाघात यांच्या प्रमाणात दोन्ही वेळांत फरक आढळला नाही. तेव्हा जी वेळ विसरणार नाही तीच उत्तम. लघवीची गोळी मात्र झोपमोड टळावी म्हणून सकाळी घेणे सोयीचे.

शेवटी दोन गोष्टींची ताकीद देणे अगत्याचे आहे. तोंड वाकडे होणे, एका बाजूचा हात-पाय लुळा पडणे, बोबडी वळणे, छातीत कळ येणे किंवा दम कोंडणे यांपैकी काहीही झाल्यास जास्तीची गोळी देऊन वाट पाहत बसू नये. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. आणि ज्यांच्या घरी आई-वडिलांना ही गोळी चालू आहे, त्यांनी ‘आज बरे वाटते ना?’ एवढ्या चौकशीवर समाधान न मानता त्यांचा दाब स्वतः मोजावा, तो वहीत नोंदवावा, आणि गोळी सुरू करणे, बदलणे वा थांबविणे यांपैकी प्रत्येक निर्णय ती वही डॉक्टरांपुढे ठेवूनच घ्यावा.