विश्लेषण : अल्पवयीन मुलगी गरोदर असल्याचे कळले, तर पुढे काय? कायदा, उपचार आणि जबाबदारी कोणाची?

मुलीची पाळी चुकली आहे, हे घरात कळायला अनेकदा तीन-चार महिने जातात. नंतर आणखी काही आठवडे ‘कोणाला कळता कामा नये’ या धास्तीत निघून जातात. कायदा आणि वैद्यकशास्त्र मात्र आठवडे मोजते. नवव्या आठवड्यात उपलब्ध असलेला पर्याय पंचविसाव्या आठवड्यात उरत नाही. म्हणूनच किशोरवयीन गर्भधारणेत सर्वाधिक नुकसान होते ते उशिराने. हा उशीर का होतो, तो कसा टाळता येतो आणि कोणाची जबाबदारी काय, याविषयी...

उशिराची किंमत किती असू शकते?

एप्रिल २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयात आलेले महाराष्ट्रातील एका १४ वर्षांच्या मुलीचे प्रकरण याचे बोलके उदाहरण आहे. सप्टेंबर २०२३ मध्ये तिच्यावर अत्याचार झाल्याचा आरोप होता. तिने घरी सांगितले ते २० मार्च २०२४ रोजी. तोवर गर्भ सुमारे २५ आठवड्यांचा झाला होता. तिची पाळी आधीपासूनच अनियमित असल्याने दिवस गेल्याचे तिच्या लक्षातच आले नव्हते. मुंबई उच्च न्यायालयाने ४ एप्रिल रोजी गर्भपाताला परवानगी नाकारली. सर्वोच्च न्यायालयाने २२ एप्रिल रोजी ती दिली. पण तोपर्यंत गर्भ ३० आठवड्यांच्या आसपास पोहोचला होता. या टप्प्यावर मुलीच्या जिवाला धोका होईल या भीतीने पालकांचा विचार बदलला आणि २९ एप्रिल रोजी न्यायालयाने आपला आदेश मागे घेतला.

या प्रकरणात न्यायालयाने दोन गोष्टी स्पष्ट केल्या. वैद्यकीय मंडळाने केवळ कायद्यातील आठवडे न पाहता मुलीच्या शारीरिक आणि मानसिक स्थितीचाही विचार करावा. तसेच निर्णयात गर्भवतीचे मत सर्वात महत्त्वाचे. ती अल्पवयीन असली आणि तिचे मत पालकांपेक्षा वेगळे असले, तरी ते विचारात घ्यावेच लागेल.

किशोरवयीन गर्भधारणेचे प्रमाण किती?

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार (२०१९-२१) देशात १५ ते १९ वयोगटातील ६.८ टक्के मुली सर्वेक्षणाच्या वेळी एक तर आई झाल्या होत्या किंवा गरोदर होत्या. महाराष्ट्रात हे प्रमाण ७.६ टक्के, म्हणजे देशाच्या सरासरीपेक्षा जास्त होते. चौथ्या फेरीत राज्याचा आकडा ८.३ टक्के होता. घट आहे, पण अगदी संथ.

अशा बातम्या आल्या की चर्चा मोबाइल आणि प्रेमप्रकरणांभोवती फिरते. प्रत्यक्षात भारतातील बहुतांश किशोरवयीन गर्भधारणा लग्नानंतरच्या असतात. राज्यात २० ते २४ वयोगटातील २१.९ टक्के महिलांचे लग्न १८ वर्षे पूर्ण होण्याआधी झाले होते, असे हेच सर्वेक्षण सांगते. ऊसतोडीला नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक ‘कोयता’. त्यावर मुकादमाकडून उचल मिळते. मागे गावात वयात आलेली मुलगी एकटी कशी ठेवायची, हा आईबापांपुढचा प्रश्न असतो. त्यातून सातवी-आठवीतल्या मुलींची लग्ने उरकली जातात. घराघरांत ‘गोड बातमी’ म्हणून साजरी होणारी ही गर्भधारणाही तितकीच धोक्याची असते.

मुलीच्या शरीरावर काय परिणाम होतो?

या वयात मुलीचे स्वतःचे शरीरच वाढत असते. जागतिक आरोग्य संघटनेनुसार २० ते २४ वर्षांच्या मातांच्या तुलनेत किशोरवयीन मातांना गरोदरपणातील झटके, प्रसूतीनंतर गर्भाशयाला होणारा जंतुसंसर्ग आणि शरीरभर पसरणारा संसर्ग यांचा धोका अधिक असतो. बाळ अपुऱ्या दिवसांचे किंवा कमी वजनाचे जन्मण्याची शक्यताही जास्त असते. त्यात आपल्याकडे रक्तक्षयाची भर पडते. देशात १५ ते १९ वयोगटातील ५९ टक्के मुलींमध्ये हिमोग्लोबिन कमी असल्याचे सर्वेक्षणात आढळले. प्रसूतीत होणारा रक्तस्राव अशा मुलीला सहज जिवावर बेतू शकतो.

मनावरचा परिणाम अनेकदा नोंदलाच जात नाही. शाळा सुटते, मैत्रिणी तुटतात, घरात बोलणी खावी लागतात. झोप उडणे, जेवण टाकणे, ‘मला जगायचेच नाही’ असे बोलणे ही लक्षणे दिसली, तर त्याकडे ‘नाटक’ म्हणून पाहू नये. ‘टेलिमानस’च्या १४४१६ या क्रमांकावर मोफत समुपदेशन मिळते.

गर्भपाताबाबत कायदा काय सांगतो?

वैद्यकीय गर्भपात कायदा १९७१ चा असून त्यात २०२१ मध्ये दुरुस्ती झाली. त्यानुसार आठवड्यांचे गणित असे आहे:

* गोळ्यांद्वारे गर्भपात ९ आठवड्यांपर्यंत, तोही अधिकृत डॉक्टरांच्या देखरेखीखाली.
* २० आठवड्यांपर्यंत एका अधिकृत डॉक्टरचे मत पुरेसे.
* २० ते २४ आठवड्यांदरम्यान दोन डॉक्टरांचे मत आवश्यक. अल्पवयीन मुली आणि लैंगिक अत्याचार पीडित महिला यांना ही मुभा आहे.
* २४ आठवड्यांनंतर गर्भात गंभीर व्यंग असल्यास वैद्यकीय मंडळाचा निर्णय. मुलीच्या जिवाला तातडीचा धोका असेल तर डॉक्टर आठवडे न पाहता निर्णय घेऊ शकतात. अन्यथा उच्च किंवा सर्वोच्च न्यायालयाचे दार ठोठवावे लागते.

मुलगी १८ वर्षांखालील असेल तर पालकाची लेखी संमती लागते. पण या कायद्यात पालक म्हणजे फक्त आई-वडील नव्हेत, तर तिचा सांभाळ करणारी व्यक्ती. गर्भपात करून घेणाऱ्या मुलीचे नाव उघड करणाऱ्या डॉक्टरला एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते.

मेडिकलमधून परस्पर आणलेल्या गोळ्या देणे हा मात्र सर्वात धोकादायक मार्ग. गर्भ अर्धवट पडून रक्तस्राव होऊ शकतो किंवा गर्भ नलिकेत असेल तर ती फुटू शकते. असुरक्षित संबंध किंवा अत्याचाराची घटना ताजी असेल, तर ७२ तासांच्या आत घ्यायच्या तातडीच्या गर्भनिरोधक गोळीने गर्भधारणा टळू शकते. ही गोळी आणि गर्भपाताच्या गोळ्या या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

डॉक्टर पोलिसांना कळवणारच का?

हीच भीती कुटुंबांना भोंदू डॉक्टरकडे नेते. ‘पोक्सो’ कायदा (२०१२) १८ वर्षांखालील व्यक्तीची संमती मानत नाही. गुन्ह्याची माहिती मिळाल्यावर ती पोलिसांना देणे प्रत्येकावर, अर्थातच डॉक्टरवरही, बंधनकारक आहे. न दिल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड होऊ शकतो.

यावर सर्वोच्च न्यायालयाने २९ सप्टेंबर २०२२ रोजी मार्ग काढला. संमतीच्या संबंधांतून गरोदर राहिलेली अल्पवयीन मुलगी गर्भपातासाठी आली आणि तिने व पालकाने विनंती केली, तर पोलिसांना कळवताना डॉक्टरने तिचे नाव आणि ओळख देण्याची गरज नाही. हा निकाल अनेक पालकांना ठाऊक नाही. त्यांनी तो डॉक्टरांसमोर बोलून दाखवायला हरकत नाही.

अत्याचाराचा प्रकार असेल तर मात्र तक्रार द्यायलाच हवी. मुलीचा जबाब तिच्या घरी किंवा तिला सोयीच्या ठिकाणी, शक्यतो महिला उपनिरीक्षकाने आणि गणवेशात नसताना घ्यायचा असतो. मुलीला रात्री पोलीस ठाण्यात ठेवता येत नाही. माध्यमांना तिचे नाव, फोटो, शाळा वा गल्ली छापता येत नाही. ‘आधी एफआयआर आणा, मग तपासू’ असे कोणतेही रुग्णालय म्हणू शकत नाही. सरकारी असो वा खासगी, पीडितेवर मोफत आणि तातडीने उपचार करणे बंधनकारक आहे. गर्भपात झाल्यास गर्भाचा नमुना डीएनए चाचणीसाठी जपला जातो. त्यामुळे तक्रारीची माहिती डॉक्टरांना आधीच द्यावी.

‘त्याच्याशीच लग्न लावून टाकू’ हा तोडगा आहे का?

नाही. लग्न लावल्याने पोक्सोचा गुन्हा पुसला जात नाही, उलट बालविवाहाचा दुसरा गुन्हा घडतो. त्यासाठी दोन वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाख रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. लग्न लावणारे, त्याला मदत करणारे, त्यात हजेरी लावणारेही यात अडकतात. १८ वर्षांखालील पत्नीशी शरीरसंबंध हा बलात्कारच, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑक्टोबर २०१७ रोजी दिला आहे.

झालेला बालविवाह मुलीला रद्द करून घेता येतो. सज्ञान झाल्यानंतर दोन वर्षांपर्यंत, म्हणजे वयाच्या विसाव्या वर्षापर्यंत, तिला जिल्हा न्यायालयात अर्ज करता येतो. विवाह रद्द झाला तरी मूल औरसच मानले जाते.

मुलाची जबाबदारी काय?

आपल्याकडे सारे बोल मुलीला लागतात. कायदा तसे मानत नाही. पोक्सोखाली अत्याचारातून मुलगी गरोदर राहिली, तर तो गुन्हा अधिक गंभीर ठरतो आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर त्याला किमान २० वर्षांची शिक्षा आहे. ‘तिची संमती होती’ हा बचाव चालत नाही. मुलगा स्वतः १८ वर्षांखालील असेल तर प्रकरण बाल न्याय मंडळापुढे जाते. तो १६ ते १८ वयाचा असल्यास आणि गुन्हा अतिगंभीर असल्यास, प्राथमिक मूल्यांकनानंतर प्रौढांप्रमाणे खटला चालू शकतो. संमतीचे वय कमी करावे का, यावर चर्चा झाली; पण विधी आयोगाने सप्टेंबर २०२३ मधील अहवालात ते १८ वरून खाली आणू नये, असेच सांगितले.

मूल जन्मल्यास त्याच्या पोटगीची जबाबदारी पित्यावर असते, मग लग्न झालेले असो वा नसो. मुलग्यांच्या आई-वडिलांनी मुलाशी या विषयावर बोलायचे ते याचसाठी.

बाळ जन्माला येणार असेल तर?

मुदत उलटली असेल किंवा मुलीला गर्भपात नको असेल, तर पहिली गोष्ट म्हणजे नोंदणी. गाव-वस्तीतील आशा सेविका किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात नाव नोंदवले की लोहाच्या गोळ्या, धनुर्वाताची लस, रक्तदाब आणि सोनोग्राफी सुरू होते. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी केंद्रांत गर्भवतींची मोफत तपासणी होते. या वयातील बाळंतपण जोखमीचेच धरावे आणि ते मोठ्या रुग्णालयातच व्हावे.

बाळ सांभाळणे शक्य नसेल तर ते कुठे तरी सोडून देणे हा गुन्हा आहे. कायदेशीर मार्ग आहे तो जिल्ह्याच्या बालकल्याण समितीकडे बाळ सुपूर्द करण्याचा. त्यानंतर फेरविचारासाठी ६० दिवस मिळतात. त्या काळात आईने मन बदलले तर बाळ परत मिळू शकते. अन्यथा ते दत्तक देण्याची प्रक्रिया सुरू होते. बाळ ठेवायचे असेल तर जन्मदाखल्यावर पित्याचे नाव लावण्याची सक्ती नाही. अविवाहित आईला प्रतिज्ञापत्रावर दाखला द्यावा, असे सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०१५ मध्ये स्पष्ट केले आहे.

शाळेचे काय?

गरोदर राहिली म्हणून मुलीचे नाव काढावे, असे कोणताही कायदा सांगत नाही. दाखला हातात देऊन मोकळे होणारी शाळा तिचे दुसऱ्यांदा नुकसान करते. नियमित वर्गात बसणे शक्य नसेल तर दहावी-बारावीला १७ नंबरचा फॉर्म भरून बाहेरून बसता येते. राष्ट्रीय मुक्त विद्यालयाचा पर्यायही आहे.

मदत कुठे मागायची?

* १०९८ : बालकांसाठी मदत क्रमांक, २४ तास मोफत. होऊ घातलेल्या बालविवाहाची माहितीही इथे देता येते.
* १८१ : महिलांसाठी मदत क्रमांक. सखी वन स्टॉप सेंटरमध्ये वैद्यकीय, कायदेशीर मदत आणि तात्पुरता निवारा.
* मैत्री क्लिनिक : सरकारी रुग्णालयांतील किशोरवयीनांसाठीचा कक्ष. पाळी, गर्भनिरोध, ताण यांवर गोपनीय सल्ला.
* जिल्हा विधी सेवा प्राधिकरण : मोफत वकील. अत्याचार पीडितांना मनोधैर्य योजनेतून अर्थसाह्य.
* ग्रामसेवक : ग्रामीण भागात हेच बालविवाह प्रतिबंधक अधिकारी.

पालकांनी पहिल्या दिवशी काय करावे?

पाळी पंधरा दिवस लांबली, मळमळ होते, मुलगी गप्प गप्प आहे, असे दिसले तर घरच्या घरी चाचणी करता येते. मेडिकलमध्ये मिळणारे हे किट स्वस्त असते. चाचणीत गर्भ असल्याचे दिसले तर त्याच दिवशी स्त्रीरोगतज्ज्ञ किंवा सरकारी रुग्णालय गाठावे. ‘कोण तो?’ या प्रश्नाच्या आधी ‘तुला काही त्रास होतोय का?’ हा प्रश्न विचारावा. मारहाण, कोंडून ठेवणे, मामाच्या गावी धाडून देणे यात केवळ आठवडे वाया जातात.

मुळात मुलगी बोलेल कधी, हे घरातल्या आधीच्या वर्षांवर ठरते. पाळी सुरू झाली तेव्हा आईने नीट समजावले असेल, वाईट स्पर्शाबद्दल सांगितल्यावर घरच्यांनी विश्वास ठेवला असेल, तर ती पंचविसाव्या आठवड्याची वाट पाहत नाही. सहाव्या आठवड्यातच आईजवळ येऊन सांगते, आणि तेव्हा बहुतेक सारे पर्याय तिच्या हातात असतात.