पट्टा दिला होता, पण कोणता?

परांचीवर चढतो तो मजूर आणि पडतो तोही मजूरच. दुसऱ्या दिवशी बातमी येते : ‘तोल जाऊन मजुराचा मृत्यू’. म्हणजे दोष मेलेल्याचाच! ठेकेदार हात झटकून सांगतो, ‘पट्टा दिला होता.’ आमचा सवाल एवढाच आहे, कोणता पट्टा?

कमरेचा पट्टा माणसाला कडेपर्यंत जाऊ न देण्यासाठी असतो. पडणाऱ्याला झेलणे हे त्याचे काम नव्हे. सारा झटका पोटावर आणि कण्यावर येतो, माणूस पट्ट्यातून निसटूही शकतो. झेलण्यासाठी लागतो तो फुल बॉडी हार्नेस. तो खांदे, छाती आणि मांड्या यांना धरतो. त्याची कडी पाठीवर, दोन्ही खांद्यांच्या मध्ये असते. विजेच्या खांबावर हात मोकळे ठेवून काम करायचे तर कमरेच्या दोन्ही बाजूंनाही कड्या हव्यात. पण पडण्यापासून वाचवणारी दोरी वेगळी लागतेच.

चांगला हार्नेसही एकटा पुरत नाही. दोरीचा हुक डोक्याच्या वर, भक्कम जागी अडकवावा लागतो. दोरीला झटका शोषणारे पाकीट हवे. लटकलेल्या माणसाला लगेच खाली घेणारी माणसे हवीत, कारण लटकून राहणेही जीवघेणे ठरते.

खांद्यांवर कड्या असलेला आणखी एक प्रकार आहे. तो खोल टाकीतून माणसाला सरळ वर ओढण्यासाठी. तो पाहिला की आम्हाला गटारात उतरवले जाणारे आमचे बांधव आठवतात. तिथे आमची पहिली मागणी हार्नेसची नाही. माणूस उतरवूच नका, यंत्र उतरवा, हीच आहे. २०१३ च्या कायद्यानंतरही बळी थांबलेले नाहीत.

बाबासाहेब १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूरमंत्री होते. कामगाराचा जीव हा मालकाच्या मर्जीचा नव्हे, कायद्याचा विषय आहे, ही दृष्टी आम्ही त्यांच्याकडून घेतली. १९९६ च्या बांधकाम कामगार कायद्याची जागा आता २०२० च्या संहितेने घेतली आहे. तिच्यानुसारही सुरक्षा साधनांचे पैसे मजुराकडून घेता येत नाहीत.

म्हणून नाक्यावरच्या बांधवांनो, वर चढण्यापूर्वी विचारा : हार्नेस फुल बॉडी आहे का? त्यावर आयएस ३५२१ हा मानक क्रमांक आहे का? हुक कुठे अडकवायचा? एकट्याने विचाराल तर उद्या काम मिळणार नाही. सगळ्यांनी मिळून विचाराल तर ठेकेदाराला उत्तर द्यावेच लागेल.