युरियाच्या गोणीएवढा तोफगोळा अन् अर्धवेळ सैनिक : हार्टलपूलच्या बॅटरीची गोष्ट

बॅटरी म्हटलं की आपल्याला मोबाईल नाहीतर टॉर्च आठवते. पण सैन्याच्या भाषेत बॅटरी म्हणजे एका हुकुमाखाली मांडलेल्या तोफा. इंग्लंडच्या ईशान्य किनाऱ्यावर हार्टलपूल बंदरात अशीच एक 'ह्यूफ बॅटरी' आहे. कामधंदा सांभाळून तोफ शिकलेल्या माणसांनी इथूनच जर्मन युद्धनौकांना तोंड दिलं.

स्वयंसेवक कशासाठी?
१८५९ च्या सुमारास फ्रान्स चालून येईल, अशी धास्ती इंग्लंडला होती. एवढा मोठा किनारा राखायला पगारी फौज पुरेना. म्हणून सरकारने नागरिकांची स्वयंसेवक पथकं उभारायला मान्यता दिली. १८६० मध्ये ही बॅटरी बांधली गेली. १९०८ मध्ये देशभरची स्वयंसेवक पथकं टेरिटोरियल फोर्समध्ये आली. आपल्याकडच्या टेरिटोरियल आर्मीसारखाच हा प्रकार. रोजचं काम करायचं, उरलेल्या वेळात कवायत आणि वर्षातून एकदा शिबिर.

सराव कसला?
पहिल्या महायुद्धात इथे ६ इंची तोफा होत्या. एक गोळा साधारण ४५ किलोचा, म्हणजे युरियाच्या एका गोणीएवढा. एकाने गोळा आणायचा, दुसऱ्याने दारू भरायची, तिसऱ्याने नेम धरायचा. एकजण चुकला की सगळं अडतं. त्यात जहाज चालतं असतं, त्यामुळे ते जिथे पोहोचणार तिथे नेम धरावा लागतो. हे सगळं अंगवळणी पडेपर्यंत घोटावं लागतं.

परीक्षेचा दिवस
१६ डिसेंबर १९१४. सावध राहण्याचा निरोप आधीच आलेला, त्यामुळे डरहॅम तोफखान्याची स्थानिक माणसं तोफांपाशी तयार होती. सकाळी आठनंतर सायडलिट्झ, मोल्टके आणि ब्ल्यूशर या तीन जर्मन नौकांनी मारा सुरू केला. पहिल्या दोघींवर ११ इंची तोफा. इकडे ह्यूफवर दोन आणि शेजारच्या लाइटहाऊस बॅटरीवर एक, अशा फक्त तीन तोफा. जर्मनांनी हजारावर गोळे टाकले, बॅटऱ्यांनी १२३ गोळ्यांनी उत्तर दिलं. जाड चिलखत फुटत नाही म्हटल्यावर नौकांच्या वरच्या भागावर नेम धरला. ब्ल्यूशरवर गोळे बसले, तिथले ९ खलाशी मेले. सुमारे चाळीस मिनिटांनी नौका निघून गेल्या.

शहराचं मोठं नुकसान झालं. शंभराहून जास्त माणसं गेली, त्यात लहान मुलंही होती. तीन तोफांनी सगळं शहर वाचणं शक्यच नव्हतं. पण अंगावर गोळे पडत असताना कुणी तोफ सोडून पळालं नाही.

१९५६ मध्ये ब्रिटनने किनारी तोफखाना बंद केला. आता ह्यूफ बॅटरीत संग्रहालय आहे. संकट सांगून येत नाही, तेव्हा हाताला आधीचा सरावच उपयोगी पडतो, हे तिथे गेल्यावर कळतं.